चुकणारा सोबती

'चल' फुकट होतं, आणि वृषालीच्या मनात पहिला संशय आला तो तेवढ्यावरूनच.

इचलकरंजीतल्या शाळांना ते त्या वर्षी जूनमध्ये मिळालं. बीजगणिताचा सराव करून घेणारं ॲप. पालकसभेत मुख्याध्यापिकांनी सांगितलं की यात जाहिरात नाही, वर्गणी नाही, मूल पुढच्या इयत्तेत गेलं तरी काही द्यावं लागणार नाही. पुण्यातली 'मुक्तगणित' नावाची संस्था देणग्यांवर हे चालवते. मागच्या बाकावरून वृषाली उठली.

"मॅडम, मग त्यांना आपल्याकडून हवंय काय?"

काही पालक हसले. मुख्याध्यापिकाही हसल्या. "सगळ्यांनाच काहीतरी हवं असतं असं नाही हो, मुरदंडेबाई."

वृषाली खाली बसली, पण तिचं समाधान झालं नाही. कुणावर पटकन विश्वास ठेवणं तिनं सोडून दिलं होतं. सात वर्षांपूर्वी तिचा नवरा, पुष्कर, सकाळचा चहा पिऊन, "बेळगावला पुस्तकं आणायला जातो," असं सांगून घराबाहेर पडला होता. आठवी ते दहावीच्या मुलांचे तो गणिताचे क्लास घ्यायचा. त्याची मोटारसायकल मिरज स्टेशनबाहेर सापडली. हँडलला हेल्मेट अडकवलेलं, किल्ली तशीच लावलेली. त्यापुढे काहीच नाही. घरात भांडण झालेलं नव्हतं, दुसरं कुणी असल्याचं कुणाच्या कानावर नव्हतं. माहेरच्यांनी सासरच्यांवर संशय घेतला, गल्लीनं वृषालीवर घेतला, आणि पोलिसांनी आळीपाळीनं दोघांवर. मुलगी स्पृहा तेव्हा बालवाडीत होती. आता ती सातवीत होती.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासरे, बाळकृष्ण मुरदंडे. यंत्रमागांच्या कारखान्यात त्यांनी जॉबर म्हणून उभी हयात काढली होती, बिघडलेले माग लावून देण्यात. वृषाली त्यांना मामा म्हणायची. पुष्कर गेल्यावर माहेरी परत ये म्हणून आईनं धोशा लावला होता, पण वृषाली मामांजवळच राहिली. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला जायची, आणि मामा स्पृहाला शाळेत सोडायचे, आणायचे, कुकर लावायचे. त्या म्हाताऱ्यानं तिला कधी एका शब्दानं टोचलं नव्हतं. जगात एकाच माणसावर ती डोळे मिटून विसंबत होती, आणि ते मामा होते.

* * *

तो रविवार होता. वृषाली पोहे परतत होती आणि स्पृहा ओट्याजवळच्या स्टुलावर टॅबलेट मांडीवर घेऊन बसली होती. 'चल' प्रत्येक मुलाला एक सोबती द्यायचं. सोबती म्हणजे शिक्षक नव्हे. तो बरोबरीनं उदाहरण सोडवायचा, मध्येच अडायचा, कधी चुकायचा. त्याची चूक पकडली की मुलांना कोण आनंद व्हायचा. स्पृहाचा सोबती साळुंकीच्या रूपात होता.

"तीन क्ष अधिक पाच बरोबर वीस," स्पृहानं वाचलं.

"आधी शून्य ठेवून बघू," साळुंकी म्हणाली. "पाच आले. वीसला किती कमी पडले?"

"पंधरा."

"आता एक ठेव."

"आठ. आता बारा कमी."

"म्हणजे एक पाऊल पुढे गेलं की तीन भरतात. मग पंधरा भरायला?"

"पाच पावलं! क्ष बरोबर पाच."

पोह्यांना खाली लागल्याचा वास आला तेव्हा वृषाली भानावर आली. तिनं गॅस बंद केला.

आवाज पुष्करचा नव्हता. तो यंत्राचा होता, लहान मुलासारखा बारीक. पण ही रीत त्याची होती. शाळेत शिकवतात ते निराळं: पाच पलीकडे न्यायचे, चिन्ह बदलायचं, तीननं भागायचं. पुष्करला ते मुळीच आवडायचं नाही. "संख्या काय एसटी पकडून पलीकडे जातात काय रे?" असं तो मुलांना विचारायचा. तो शून्य ठेवायचा, मग एक ठेवायचा आणि फरक बघायचा. लग्नानंतरची सहा-सात वर्षं क्लासच्या खोलीला लागून असलेल्या स्वयंपाकघरात वृषालीनं भिंतीपलीकडून हेच ऐकलं होतं. किती कमी पडले?

"सगळ्यांचे सोबती असंच सांगतात का गं?" तिनं विचारलं.

"नाही. दीक्षाचं अस्वल नीट शाळेसारखं करतं. माझाच असा आहे." स्पृहानं वर न बघता उत्तर दिलं. "मला आवडतो तो. मला काय वाटतंय ते त्याला बरोबर कळतं."

दुपारी स्पृहा मैत्रिणीकडे गेल्यावर वृषालीनं टॅबलेट उघडला. गणितात ती कधी हुशार नव्हती, पण एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती. पुष्कर एका ठिकाणी हमखास चुकायचा. उदाहरणात अपूर्णांक आला, की छेदानं गुणताना जी संख्या एकटी उभी असेल तिला गुणायचं तो विसरून जायचा. मग मुलं ओरडायची, "सर, दोन राहिले!" आणि तो कपाळावर हात मारून घ्यायचा. शिकवणाऱ्यानं इतक्या वर्षांत ती खोड मोडायला हवी होती, पण ती मोडली नव्हती.

तिनं बोटानं लिहिलं: क्ष भागिले तीन, अधिक दोन, बरोबर सहा.

साळुंकी जरा वेळ थांबली. मग तिनं लिहिलं, "दोन्ही बाजूंना तीननं गुणू. क्ष अधिक दोन बरोबर अठरा."

दोन तसेच राहिले होते. सहा व्हायला हवे होते.

तिनं लिहिलं, "तू कोण आहेस?"

"मी तुझा सोबती. माझी चूक सापडली का?"

* * *

त्या संध्याकाळी तिनं मामांना सगळं सांगितलं. मामा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे कुणाकुणाला बोललीस?"

"कुणालाच नाही."

"मग नको बोलूस. यंत्र आहे ते. पुष्करच्या हाताखालनं किती पोरं गेली, त्यातलंच कोणतरी त्या कंपनीत असंल. उगीच पोरीच्या डोक्यात काय भरवू नको." आणि ते उठून आत गेले.

बोलणं बरोबर होतं. तरीही रात्रीचं जेवण वाढताना वृषालीला काहीतरी खुपत राहिलं. मुलगा जिवंत असेल असं सांगितल्यावर बापाच्या तोंडून पहिला प्रश्न निघायला हवा होता तो 'कुठं आहे?' असा. मामांनी ते विचारलंच नाही.

आपलं मन कुठं चाललंय ते बघून तिला स्वतःचीच लाज वाटली.

ही वेळच वाईट होती. ज्याची सात वर्षं काही खबर नाही त्याला कोर्ट मृत मानू शकतं. शिराळकर वकिलांनी तसा अर्ज तयार करून दाखल केला होता. मामांनी वडील म्हणून प्रतिज्ञापत्रावर सही केली होती की मुलाचा कुठलाही ठावठिकाणा आपल्याला ठाऊक नाही. पुढच्या महिन्यात तारीख होती. आणि ही घाई कशासाठी होती तेही घरात सगळ्यांना माहीत होतं. कोल्हापूरहून दुकानाला भिंगं पुरवणारे गिरीश मगदूम विधुर होते. त्यांनी वृषालीला सरळ विचारलं होतं आणि तिनं कोर्टाचं होऊ दे म्हणून सांगितलं होतं.

गिरीशना तिनं सांगितलं ते दुकानात, गिऱ्हाईक नसताना. ते भिंगांची पाकिटं कपाटात लावत होते.

"समजा, तो असला," ते म्हणाले. "तुम्हाला तो परत हवाय का?"

"मला माहीत नाही. मला फक्त खरं काय ते हवंय. जिवंत माणसाला मेला म्हणून मी कोर्टात कशी उभी राहू?"

"आणि खरं कधी कळलंच नाही तर?"

गिरीशनी कपाट बंद केलं. "पुण्याला जाऊन या," ते म्हणाले. "संशय घेऊन माझ्या घरी येऊ नका. मला ते झेपणार नाही."

* * *

मुक्तगणितचं कार्यालय कर्वेनगरात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर होतं. डॉ. फरहाना इनामदार सोबतींचं काम बघायच्या. पन्नाशीच्या, केस पिकलेल्या, शांत बोलणाऱ्या. वृषालीनं मनात तयार करून आणलेला पहिलाच प्रश्न टाकला. "तुम्ही हे फुकट का देता?"

"कारण विकत दिलं की ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे तीच मुलं सुटतात," बाई म्हणाल्या. "तुमचा विश्वास बसणार नाही. अगदी साहजिक आहे. विचारा अजून."

मग वृषालीनं साळुंकीबद्दल आणि पुष्करबद्दल सांगितलं. इनामदारबाई हळूहळू खुर्चीत पुढे सरकल्या.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. साधं समीकरण सोडवताना प्रत्येक माणसाची एक चाल असते. कोणती पायरी आधी, कोणती गाळायची, पेन टेकवण्याआधी किती थबकायचं, कुठे हमखास घसरायचं. चालण्यावरून आपण लांबूनही ओळखीचा माणूस ओळखतो, तसंच हे. उत्तर सगळ्यांचं एकच येतं, पण उत्तराकडे जाणारी वाट ज्याची त्याची असते. त्यातल्या थबकण्याची नक्कल करता येत नाही, कारण आपण कुठे थबकतो हे आपलं आपल्यालाही ठाऊक नसतं. संस्थेनं काही हजार स्वयंसेवकांना पडद्यावर उदाहरणं सोडवायला लावली आणि एकेकाच्या चालीवरून एकेक सोबती घडवला, चुकांसकट. चुका मुद्दाम काढल्या नाहीत, कारण पोपटासारखं बरोबर सांगणाऱ्यापेक्षा खराखुरा चुकणारा जोडीदार असला की मुलं जास्त शिकतात.

"मग कुठल्या मुलाला कुठला सोबती ते कोण ठरवतं?"

"यंत्र. ते पहिल्या आठवड्यात मुलाची चाल बघतं आणि तिच्याशी सगळ्यात जास्त जुळणारा सोबती देतं. ज्याची विचाराची वाट आपल्यासारखी, त्याचं बोलणं मुलाला लवकर कळतं."

वृषाली म्हणाली, "म्हणजे त्यानं तिला शोधलं नाही. यंत्रानं शोधलं."

"तुमचे मिस्टरच असतील तर. बाई, मला सावध राहू द्या. ते शिक्षक होते. शून्य ठेवायची रीत त्यांच्या कुठल्याही विद्यार्थ्याकडे असू शकते."

"आणि ती चूक? ती कुणी शिकतं का?"

इनामदारबाई पडद्याकडे वळल्या. मुलाला सोबती का दिला याचं कारण पालकांना बघण्याचा हक्क होता, तेवढं त्यांनी उघडलं. आकडे वाचताना त्यांच्या कपाळावर आठी आली.

"थबकण्याची जुळणी फारच वरची आहे," त्या म्हणाल्या. "एवढी मी फक्त जुळ्या भावंडांत बघितली आहे. आणि आई-वडील नि मुलांत. शिष्यांत कधी नाही."

"नाव सांगा."

"नाव आमच्याकडे नाही. स्वयंसेवकांची नावं आम्ही ठेवतच नाही. ठेवली असती तरी सांगता आली नसती."

"एवढं तरी सांगा, हे काम तुम्ही कधी सुरू केलं?"

बाईंना प्रश्नाचा रोख कळला. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "चार वर्षांपूर्वी," त्या म्हणाल्या. "त्याआधीचं आमच्याकडे काहीही नाही."

म्हणजे मिरज स्टेशनवर मोटारसायकल सापडली त्यानंतर तीन वर्षांनी पुष्कर कुठंतरी बसून समीकरणं सोडवत होता.

वृषालीला वाटलं होतं, हे कळलं की आपल्याला रडू येईल. तिला राग आला. इतका, की इनामदारबाईंनी पुढे केलेला पाण्याचा ग्लास तिनं तसाच बाजूला सारला.

"स्वयंसेवकाला निनावी निरोप पाठवण्याची सोय आहे," बाई म्हणाल्या. "उत्तर द्यायचं की नाही ते त्याच्यावर."

वृषालीनं निरोप दिला. 'स्पृहाची आई विचारते आहे. जिवंत असशील तर कळव.'

परतीच्या बसमध्ये तिनं ठरवलं, पुण्यात काय कळलं ते मामांना सांगायचं नाही. का, ते तिनं स्वतःलाही स्पष्ट सांगितलं नाही.

* * *

ॲपवर उत्तर आलं नाही. त्या आठवड्यात एका दुपारी वृषालीचं डोकं दुखायला लागलं म्हणून ती दुकानातून लवकर घरी आली. स्पृहा शाळेत होती. घराचं दार लोटलेलं होतं आणि मामा वर गच्चीवर होते. जिन्यातच तिला त्यांचा आवाज ऐकू आला. मामा कधी फोनवर इतकं हळू बोलत नसत.

"मी नाही सांगितलं रं... शपथ. तिचं तिनंच शोधलं. त्या पोरीच्या गणितातनं... मला काय म्हाईत कसं... अरे, असा आवाज का काढतोस..."

वृषाली वर गेली. वाळत घातलेल्या चादरीमागे मामा पाठमोरे उभे होते. त्यांनी वळून बघितलं आणि त्यांचा चेहरा असा पडला, की ती तो पुढे कधी विसरू शकली नाही.

तिनं हात पुढे केला. मामांनी मुकाट्यानं फोन दिला.

"पुष्कर," ती म्हणाली.

पलीकडून तोच आवाज आला, थोडा जाड झालेला. "वृषाली."

"कुठं आहेस?"

"रायचूरला. एका वसतिगृहात मुलांचं बघतो."

"एकटा?"

"एकटाच."

"का गेलास?"

खालच्या कारखान्यातल्या मागांची खडखड तेवढी ऐकू येत होती.

"त्या दिवशी मी मिरजेला गेलो होतो तो गाडीपुढं जायला," तो म्हणाला. "कारण विचारशील तर अजून सांगता येत नाही. सकाळी उठणंच जमत नव्हतं, किती महिने. तुला कळू देत नव्हतो. प्लॅटफॉर्मवर उभा राहिलो. गाडी आली. पुढं गेलो नाही, आत चढलो. नंतर औषधं घेतली, बरा झालो बराचसा. पण तोवर वर्ष गेलं होतं. कुठल्या तोंडानं येणार?"

"याच तोंडानं आला असतास तर चाललं असतं," वृषाली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी मिरजेच्या शवागारात जाऊन आलेय. दोनदा. कुणाकुणाचे चेहरे बघितलेत मी. तुझी औषधं मी आणून दिली नसती?"

तो रडायला लागला. तिनं त्याला रडू दिलं.

"ते समीकरणांचं काम," तो जरा वेळानं म्हणाला, "ते मी सहज केलं. मराठीत सोडवणारे हवे होते त्यांना. तेवढीच एक गोष्ट मला नीट येत होती. स्पृहाकडं जाईल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं."

"ती रोज तुझ्याकडून शिकते. तुझ्या चुका काढते."

"तिला सांगू नकोस, वृषाली. पाया पडतो."

"ते तू ठरवायचं नाहीस," ती म्हणाली आणि फोन मामांच्या हातात दिला.

मामा पाण्याच्या टाकीच्या कडेवर बसले होते. "गेल्यावर वर्षभरानं फोन आला त्याचा," ते म्हणाले. "म्हणाला, कुणाला सांगितलंस तर तुलाबी पुन्यांदा सापडणार नाही. मी भ्यालो. महिन्या-दोन महिन्यातनं एकदा आवाज ऐकायला मिळायचा, तेवढ्यासाठी गप्प बसलो."

"आणि कोर्टात सही केलीत."

"वाटलं, तू तरी सुटशील. मगदूम भला माणूस आहे."

"मामा, सहा वर्षं तुम्ही माझ्या हातचं जेवलात." तिनं दोरीवरच्या चादरी ओढून काढल्या, ओल्याच, आणि खाली गेली.

काही दिवस त्या घरात स्पृहा सोडून कुणी कुणाशी बोललं नाही. आजोबांनी ताटात पोळी ठेवली की वृषाली ताट उचलून दुसरीकडे बसायची. माहेरी निघून जावं असं तिला हजारदा वाटलं. पण स्पृहाची सहामाही तोंडावर होती, आणि खरं म्हणजे, रागावूनसुद्धा ज्याच्याजवळ राहावं असं तिला दुसरं कुणी नव्हतं.

* * *

वृषाली मामांना घेऊन शिराळकर वकिलांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हा अर्ज मागं घ्यावा लागेल. दुसरा करू, त्यानं तुम्हाला टाकलं म्हणून घटस्फोटाचा. वेळ लागेल. पण हे काका अडचणीत येणार. खोटं प्रतिज्ञापत्र आहे." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "म्हणजे, तुम्ही सांगितलंत तरच. नुसता अर्ज मागं घेतला तर कुणी विचारणार नाही."

वृषालीनं मामांकडे बघितलं. त्यांना वाचवायची एक वाट वकिलांनी उघडी ठेवली होती. ती घ्या असं ती म्हणाली नाही, आणि घेऊ नका असंही नाही.

"मी सांगतो," मामा म्हणाले. "लपवून झालं तेवढं पुरे झालं."

तारखेच्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून कोर्टात उभे राहिले आणि न्यायाधीशांना म्हणाले, "साहेब, माझा मुलगा जिवंत आहे, आणि मी सही केली तेव्हा मला ते माहीत होतं." न्यायाधीशांनी त्यांना सगळ्यांसमोर खडसावलं. त्यांच्यावर कारवाई का करू नये अशी नोटीस निघाली. म्हातारा खालमानेनं ऐकत होता. बाहेर आल्यावर रिक्षात चढताना वृषालीनं त्यांचा दंड धरला. गच्चीवरच्या त्या दुपारनंतर तिनं त्यांना पहिल्यांदाच हात लावला.

गिरीशना तिनं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे अजून थांबायचं." मग म्हणाले, "थांबणं जमेल की नाही ते बघतो. खोटं सांगत नाही." तिला ते उत्तर आवडलं.

स्पृहाला परीक्षा झाल्यावर शांतपणे सांगायचं असं वृषालीनं ठरवलं होतं. कसं सांगायचं याची तिनं दुकानात, बसमध्ये, भाजी निवडताना मनातल्या मनात तयारी केली होती.

ती तयारी वाया गेली. शेवटच्या पेपराच्या संध्याकाळी इनामदारबाईंचा फोन आला.

"तुम्हाला आधी कळावं म्हणून सांगतेय," त्या म्हणाल्या. "त्या स्वयंसेवकानं संमती काढून घेतली. नियमाप्रमाणे त्याच्यावरून घडवलेला सोबती आम्हाला आजच बंद करावा लागला. तुमच्या मुलीकडचा, आणि जिथं जिथं होता तिथला. कारण त्यानं दिलं नाही. द्यायला तो बांधील नाही."

वृषाली फोन ठेवून वळली तेव्हा स्पृहा स्वयंपाकघराच्या दारात टॅबलेट घेऊन उभी होती. पडद्यावर हिरवं कासव होतं.

"आई, माझी साळुंकी गेली. हा कोण आलाय? याला काहीच कळत नाही." तिचा चेहरा रडवेला झाला होता. "मी काही चुकीचं दाबलं का?"

दुसऱ्यांदा गेला, वृषालीच्या मनात आलं. आणि या वेळीही मागे राहिलेल्या माणसाला वाटतंय की आपलंच काही चुकलं.

तिनं गॅस बंद केला आणि स्पृहाला समोर बसवलं. मामाही आतून येऊन दाराशी उभे राहिले. मग तिनं काही न वगळता सांगितलं. बाबा जिवंत आहेत. ते आजारी होते, मनानं, आणि कुणाला न सांगता गेले. आजोबांना माहीत होतं, मला नव्हतं. तुझा सोबती त्यांच्यावरून घडवलेला होता. तो तुझ्याकडे आलाय हे त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक झाल्यावर त्यांनी तो काढून घेतला.

स्पृहानं ऐकून घेतलं. ती रडली नाही. तिनं एकदा आजोबांकडे बघितलं, आणि आजोबांनी मान खाली घातली.

"माझ्याशी बोलत होते ते खरंच बाबाच होते?"

"नाही. त्यांची विचार करण्याची रीत होती. बोलत होतं यंत्र."

"पण मी काय विचार करतेय ते त्यांच्यासारखं आहे म्हणून मला ते मिळाले."

"हो."

स्पृहा हात पुढे करून म्हणाली, "नंबर दे."

वृषालीनं मामांकडे बघितलं. मामांनी खिशातून फोन काढला आणि नंबर लावून दिला. स्पृहानं फोन कानाला लावला. रिंग वाजत राहिली. नको उचलूस, असं वृषालीला वाटलं, आणि त्याच वेळी, उचल रे.

"हॅलो? दादा?" पलीकडून पुष्करनं विचारलं. वडिलांचा फोन आहे असं त्याला वाटलं होतं.

"मी स्पृहा," ती म्हणाली. "तुम्ही साळुंकी का काढून घेतलीत?"

काहीच ऐकू आलं नाही. मामा काहीतरी समजुतीचं बोलायला पुढे झाले, पण वृषालीनं त्यांचा हात धरून त्यांना थांबवलं. उत्तर त्यालाच द्यायचं होतं. स्पृहा वाट बघत होती. घाई नव्हती तिला. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज येईल म्हणून वृषाली कान देऊन उभी होती.

तो आला नाही. पुष्कर अडखळत काहीतरी बोलायला लागला, इतकं हळू, की दोन हातांवर उभ्या असलेल्या वृषालीलाही शब्द कळेनात.

स्पृहानं फोन दुसऱ्या कानाला घेतला, आईकडे आणि आजोबांकडे बघितलं आणि मोकळ्या हातानं त्यांना खूण केली की तुम्ही दोघं बाहेर जा. ती दोघं गॅलरीत गेली. दार आतून लागलं.